उजवीकडचं पिंप

जुना बाजार परत गावात भरणार, ही बातमी मला आमच्या बांधावर टेम्पोवाल्यानं सांगितली. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. हातातली सुतळी तशीच धरून मी विचारलं, "ह्यात कुणाचं काय शिजतंय?" तो हसला. म्हणाला, "मावशी, तुमाला चांगलं काही ऐकवतच न्हाई का?"

खरं सांगायचं तर नाही ऐकवत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून पीत आले. हा स्वभाव माहेरून आला की बाजारातून, ते मला सांगता येणार नाही. नवरा म्हणायचा, हिला देव जरी भेटला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. मी म्हणायचे, मागायलाच पाहिजे.

आमचं तालुक्याचं गाव लहान. वडवणीकडून येणारी एसटी जिथं वळते, तिथून वेशीपर्यंतचा रस्ता म्हणजे जुना बाजार. दर गुरुवारी तिथं आम्ही बसायचो. लोखंडाच्या दुकानाच्या पायरीपासून मोजलं तर तिसरी जागा माझी. माझ्या डावीकडं लसूणवाले बाबा, उजवीकडं वांगीवाली. वीस वर्षं हा क्रम बदलला नाही. बाजारात जागेला नंबर नसतो, शेजार असतो. कुणी विचारलं की तू कुठं बसतेस, तर आम्ही शेजाऱ्याचं नाव सांगायचो. बाजारकराची पावती मिळायची, पण तिच्यावर कुणाचंच नाव नसे, आणि त्या पावत्या आम्ही मिरच्यांच्या पुड्या बांधायला वापरून टाकल्या.

वांगीवाली मेंढरं राखणाऱ्या घरातली. उंच, हाडापेरानं भक्कम, आवाज असा की वेशीतल्या माणसाला वांग्याचा भाव कळावा. तिच्या रानात मेंढरं बसवलेली असायची, त्या खताची वांगी. "खाऊन बघा, मग बोला," एवढंच ती गिऱ्हाइकाला सांगायची. मी दहावी पास, म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. आमच्या ओळीत सही करता येणारी मी एकटीच. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं माझं शहाणपण.

बाजारात एक गोष्ट असते, ती बाहेरच्याला दिसत नाही. बाई सकाळपासून बसलेली असते. तिला पाणी प्यायला जायचं असतं, आडोशाला जायचं असतं, कधी नातवाला दवाखान्यात दाखवून यायचं असतं. तेव्हा ती माल उचलून नेत नाही. शेजारणीकडं नुसतं बघते आणि उठते. मग दोन्ही ढीग एकीचे. मी तिची वांगी विकली आहेत, तिनं माझी मेथी विकली आहे. ती माझ्यापेक्षा जास्त विकायची, ह्याचा मला रागही यायचा. पण वीस वर्षांत तिचा ढीग झाकलेला मी पाहिला नाही, आणि माझा मी कधी झाकला नाही. माझ्यासारखी बाई जगात एकाच माणसाकडं पाठ करून उठत होती, ती म्हणजे ही वांगीवाली.

आणि तरी मी तिच्यावर संशय घेतला.

रस्त्यात गाड्या अडकतात म्हणून बाजार हलवला गेला, तेव्हाची गोष्ट. बायपासच्या कडेचं मोकळं मैदान दिलं होतं. पहिल्या गुरुवारी मला पोचायला उशीर झाला. मैदानात शिरते तर फाटकाच्या तोंडाशीच, सगळ्यात चांगल्या जागेवर, वांगीवाली बसलेली. एका पोत्यावर वांगी. शेजारी दुसरं पोतं अंथरलेलं, मोकळं, आणि त्यावर तिनं पाय पसरलेले. मला पाहून तिनं हात हलवला. मला वाटलं, ती म्हणतेय, जा पुढं, इथं जागा नाही.

त्या एका क्षणात माझ्या डोक्यानं किती घरं बांधली! हिला आधीच ठाऊक होतं. हिनं कुणाला तरी गाठलं असणार. बाजार हलवायच्या कागदावर हिचाच अंगठा पहिला असणार. नाहीतर फाटकापाशी जागा, आणि तीही दोघींची? मी तिच्या समोरून मान वर करून गेले आणि पार मागं, काटेरी कुंपणापाशी बसले. तिथं दिवसभरात चार गिऱ्हाइकं आली, त्यातली दोन रस्ता चुकलेली. संध्याकाळी मेथी शेळ्यांना घातली. त्यानंतर मी बाजारच सोडला. बांधावरच टेम्पोवाल्याला माल द्यायला लागले. तिच्या घरून दोनदा फोन आला. मी उचलला नाही. मला वाटलं, आता हिला ओझी उचलायला माणूस पाहिजे असेल.

ह्याला सात-आठ वर्षं झाली. मैदानावरचा बाजार हळूहळू रोडावला, कारण भाजीच्या जुडीसाठी एवढं लांब कोण येतं? गावात दुकानदार कुरकुरायला लागले की गुरुवारी पेठेत कावळा फिरकत नाही. हेच दुकानदार आधी आम्ही पायऱ्या अडवतो म्हणून ओरडत होते. मग फ्लेक्स लागला: जुन्या बाजारपेठेचं पुनरुज्जीवन. त्यावर एवढी तोंडं की भाजीला जागा उरली नव्हती. कोपऱ्यात एक टोमॅटो होता, तोही इथला नव्हता.

गावात कुणाचाच विश्वास बसेना. चहावाला म्हणाला, ओटे बांधतील आणि गाळे करून विकतील. लोखंडवाला म्हणाला, निवडणूक झाली की संपलं. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांवरही संशय घेतला, कारण दोघांनाही त्या जागेत आपापली टपरी वाढवायची होती. मी स्वतः जाऊन बघितलं. फरशी बसवली होती, पत्र्याचं छत होतं, सिमेंटचे ओटे, टोकाला नळ, त्याच्या पलीकडं बायकांसाठी स्वच्छतागृह. मी नळ सोडून बघितला. पाणी आलं. मला वाटलं, आज पाहुणे येणार असतील. एसटीला वेळ होता म्हणून दुपारी परत जाऊन सोडला, तेव्हाही आलं. नळाखाली हात धरून मी उभी राहिले आणि मला एकदम माझी तिसरी जागा हवीशी झाली. बांधावर टेम्पोवाला जे देईल ते घ्यायचं, ह्याला मी विकणं म्हणत नव्हते. गिऱ्हाइकानं जुडी उचलून वास घ्यावा, नाक मुरडावं, पुढं जावं आणि परत यावं, ते मला पाहिजे होतं.

सूचना अशी लागली: जुन्या बसणाऱ्यांना जुनीच जागा. ज्यानं त्यानं आपली जागा कुठं होती ते लिहून द्यायचं, डावीकडं कोण, उजवीकडं कोण. मग एका दिवशी ओट्यावरच पडताळणी. लगतच्या एका शेजाऱ्यानं तरी साक्ष द्यायची. लांबच्याची चालणार नाही, नाहीतर जो तो आपल्या मेहुण्याला उभा करील. खोटं लिहून दिल्यास अर्ज बाद, हे खाली छापलं होतं. नियम करणारा माणूस बाजारात बसलेला असावा. मला तो नियम आवडला, आणि आवडला म्हणून त्याचीही शंका आली.

मी पहिल्याच दिवशी गेले. डावीकडं: लसूणवाले बाबा. उजवीकडं ह्या रकान्यापाशी पेन थांबलं.

वांगीवालीचं नाव लिहिलं तर माझी जागा तिच्या तोंडात गेली. ती म्हणेल, ही कोण, आठ वर्षांत दिसली नाही. मग दोन्ही ओटे तिचे. मैदानावर दोन पोती अंथरणारी बाई इथं दोन ओटे सोडेल? मी असा विचार केला, आणि तो मला अगदी शहाणपणाचा वाटला. चहावाल्याचं एक पाण्याचं पिंप पूर्वी आमच्या मागं, भिंतीला लागून असायचं. मी ते पिंप कागदावर ओढून पुढं आणलं. लिहिलं: उजवीकडं कोणी नाही, चहावाल्याचं पिंप. खाली ठसठशीत सही केली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, ते खरं नाही. माझ्या मनात त्या वेळी दिवसाढवळ्या अंधार होता आणि मला तो दिसत नव्हता.

पडताळणीच्या दिवशी कारकून वही घेऊन पहिल्या ओट्यापासून निघाला. मागं आम्ही पन्नास-साठ जणं, बायकाच जास्त. प्रत्येक ओट्यापाशी आरडाओरड, हसणं, जुनी भांडणं. मी माझ्या ओट्यापाशी उभी राहिले आणि डावीकडं बघितलं. लसूणवाले बाबा आले नव्हते. त्यांच्या नातवानं सांगितलं, ताप आहे, बीडला नेलंय.

कारकुनानं वही बघितली. "मावशी, तुमचा एकच शेजारी लिहिलाय, आणि तो हजर नाही. उजवीकडं पिंप आहे. पिंप काय बोलणार? तुमची जागा बाजूला ठेवावी लागेल."

"त्यांचा ताप उतरला की येतील की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"यादी आज संध्याकाळी जाते."

तो पुढच्या पानावर गेला. ओट्यावर आकडा रंगवणारा माणूस माझा ओटा सोडून पुढं सरकला. तेवढ्यात गर्दीच्या मागून आवाज आला. तो आवाज वेशीपर्यंत गेला असणार.

"थांबा ओ साहेब. मी सांगते."

वांगीवाली पुढं आली. केस पांढरे झाले होते, उंची तेवढीच. ती त्याच दिवशी आली होती. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, तिला सूचना उशिरा कळली, तिचा स्वतःचा अर्ज अजून तिच्या हातातच होता, घडी घातलेला.

"ही जागा मास्तरणीचीच हाय," ती म्हणाली. "वीस वर्सं ही हितंच बसली. हिची मेथी मी माझ्या हातानं इकलीय. तिकडं मैदानावर बी मी फाटकापाशी हिच्या नावाचं पोतं टाकून ठिवलं व्हतं. एक न्हाई, सहा बाजार. लोक म्हनायचे, कावून दोन-दोन पोती आडवून बसलीस? मी म्हनायची, माझी शेजारीन यायचीय. ही आलीच न्हाई. पहिल्या दिशी हात केला तर मान वर करून निघून गेली. फोन केला तर उचलंना."

मी तिच्याकडं बघितलं नाही. फरशीकडं बघत राहिले. ते दुसरं पोतं माझ्या डोळ्यांपुढं आलं, त्यावर पसरलेले तिचे पाय. माल ठेवण्यासाठी कुणी पाय पसरत नाही. जागा धरायला पसरतात. एवढी साधी गोष्ट मला आठ वर्षांत सुचली नव्हती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण कारकुनाची वही अजून उघडी होती.

"तुम्ही कुठं बसत होता?" त्यानं तिला विचारलं.

"हिच्या उजव्या हाताला. ह्यो काय, ह्याच जागी."

त्यानं वहीवर बोट ठेवलं. "ह्यांनी तर उजवीकडं पिंप लिहून दिलंय. कोणी नाही म्हणून."

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं नुसता हिशोब मांडला. "तुम्ही लगतच्या शेजारी असाल, तर ह्यांचं लिहिलेलं खोटं, आणि अर्ज बाद. नसाल, तर तुमची साक्ष चालत नाही. काय ते एक सांगा." मग माझ्याकडं वळून, "मावशी, उजवीकडं पिंप होतं, का ह्या होत्या?"

मला दोन शब्द बोलायचे होते. ह्या होत्या. एवढंच. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आता नीट ध्यानात नाही."

वांगीवालीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. गिऱ्हाइकानं कापलेलं वांगं परत आणून दाखवावं आणि आत कीड दिसावी, तेव्हा ती जशी बघायची, तसं. मग ती कारकुनाकडं वळली.

"व्हतं," ती म्हणाली. "पिंप व्हतं मधी. मी पिंपाच्या पल्याड. मंजी शेजारीच म्हना की. मधी मानूस कुनी नव्हतं."

कारकुनानं क्षणभर पेन टेकवून ठेवलं. त्याला कळलं असावं. मग त्यानं लिहिलं. रंगवणारा माणूस मागं आला आणि माझ्या ओट्यावर तीनचा आकडा काढला.

पिंपाच्या पल्याडची जागा मिरचीवालीची होती. ती वारली होती, पण तिच्या सुनेनं आधीच अर्ज दिलेला होता. आणि ज्या ओट्यावर वांगीवाली खरोखर बसत होती, त्यावर आता कुणाचाच हक्क उरला नव्हता, कारण कागदावर तिथं पिंप होतं. तो ओटा चिठ्ठी टाकून नव्या माणसाला गेला. वांगीवालीला मिळाला मागच्या रांगेतला, नळाच्या पलीकडचा, स्वच्छतागृहाच्या भिंतीचा. हातातला अर्ज तिनं परत घडी घालून कमरेला खोचला आणि निघून गेली. मी तिला हाक मारली नाही. हे मी लिहितेय, कारण ते तसंच झालं.

चार दिवसांनी मी कारकुनाकडं गेले आणि खरं सांगितलं. त्यानं पंख्याचा वेग कमी केला, कागद उडत होते. म्हणाला, "मावशी, आता बदलायचं तर तुमचा बाद होतो, आणि त्यांनी खोटी साक्ष दिली म्हणून त्यांचाही. दोघी बाहेर. करू का?" मी नको म्हणाले. तिच्यासाठी नको म्हणाले की माझ्यासाठी, हा संशय मात्र मला आजवर फेडता आलेला नाही. दुसऱ्यांवर घेतलेले सगळे फिटले, हा एक उरला.

बाजार भरला. आणि चालला, हेही कबूल करायला पाहिजे. पहिल्या गुरुवारी ढोल वाजला, तेव्हा मी म्हटलं, बघू दुसऱ्या गुरुवारी. दुसऱ्या गुरुवारी ढोल नव्हता आणि गर्दी जास्त होती. पाटोद्याकडचे लोक सीताफळं घेऊन यायला लागले. लसूणवाले बाबाही ताप उतरल्यावर माझ्या डावीकडं येऊन बसले. शिक्षिका शाळा सुटल्यावर पिशव्या हलवत यायच्या. गाळे कुणी बांधले नाहीत, निदान अजून तरी. माझी मेथी दुपारच्या आत संपायची. आणि मी विकताना सारखी मागच्या रांगेकडं बघायची. नळाच्या पलीकडं ती उंच बाई वांग्यांपुढं बसलेली असायची. तिकडं लोक जात, पण भाजीसाठी नाही.

तिसऱ्या गुरुवारपासून मी माझ्या ओट्यावर दोन पोती अंथरायला लागले. मेथी सगळी डावीकडं दाबून बसवली आणि उजवं पोतं मोकळं ठेवलं. मधून कुणी येऊन टेकू नये म्हणून त्यावर पाय पसरले. नव्या ओटेवाल्या बायका आपसात बोलायच्या, मला ऐकू जाईल अशा. "म्हातारीची हाव बघा. जुड्या हायत दहा, आन् जागा दोघींची." बोलून पटत नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

दर गुरुवारी मी नळावर जायच्या निमित्तानं तिच्यापुढून जायची. पहिल्या खेपेला म्हणाले, "पुढं ये. पोतं टाकलंय." तिनं गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक असल्यासारखं तिसरीकडं बघितलं. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "कावून?" मी पदराला हात पुसले. "कावून? आता काय लिहून द्यायचंय का?" असं तिनं विचारलं आणि वांग्यांवर पाणी मारायला लागली. ते बघणं, ते विचारणं, हे माझं होतं. आयुष्यभर मी लोकांकडं असंच बघत आले होते. ते तिच्या चेहऱ्यावर मीच नेऊन ठेवलं होतं.

पाच गुरुवार पोतं मोकळं राहिलं. सहाव्या गुरुवारी पावसाची झड आली, मागच्या रांगेवर छत गळत होतं, आणि ती डोक्यावर पाटी घेऊन पुढं आली. पोतं उचललं, झटकलं, उलटं करून खालची बाजू नीट तपासली, आणि परत अंथरलं, माझ्यापासून जरा लांब. त्यावर वांगी मांडली. तासाभरात तिचा आवाज वेशीपर्यंत जायला लागला. मला इतका आनंद झाला की मी एका बाईला मेथीची जुडी जास्त दिली.

तेव्हापासून ती दर गुरुवारी माझ्याच ओट्यावर बसते. वांगी माझ्याआधी संपतात. मला राग येत नाही. मास्तरीण मात्र ती म्हणत नाही, काहीच म्हणत नाही.

ती माझ्या ओट्यावर आली त्या पहिल्या दिवशी, दुपारी, तिला पाणी प्यायला जायचं होतं. मला कळलं, कारण मला तिचं उठणं ठाऊक आहे. आधी गुडघ्यावर हात, मग पदर. मी लगेच तिच्या ढिगाकडं वळून बसले, पूर्वीसारखी. ती उभी राहिली. कमरेचं ओलं फडकं काढलं, वांग्यांवर चारी बाजूंनी नीट झाकलं, टोकांवर दोन खडे ठेवले. मग माझ्या डोक्यावरून पलीकडं, लसूणवाल्या बाबांना हाक मारली.

"बाबा, वाईच लक्ष ठिवा."

बाबांना आता तिथवरचं दिसत नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.